रेंगाळणारी काळी चौकट

सकाळी दहाच्या सुमारास कचेरीतील कारकून संगणकाच्या पडद्यावरील एका चिन्हावर दोनदा टिचकी मारतो. हिशेबाचा प्रोग्राम उघडावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. प्रोग्राम उघडतोही, पण त्याच्या आधी एक काळी चौकट पुढे येते, पांढऱ्या अक्षरांच्या दोन-चार ओळी तिच्यात उमटतात, आणि मग काहीही न करता ती तेथेच बसून राहते. पाहुण्यांना पोचवायला आलेला गाडीवान पंगत उठेपर्यंत ओसरीवर बसून राहावा, तसा हा प्रकार. त्याला ऊठ म्हणणे बरे दिसत नाही, आणि तो का बसला आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

ही चौकट जुन्या काळचा वारसा होय. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉस या प्रणालीत संगणकाला प्रत्येक आज्ञा टंकून द्यावी लागे. पुढे विंडोज आली, १९९५ च्या आवृत्तीने पडद्यावर शॉर्टकटची चित्रे मांडली, आणि आज्ञा टंकण्याचा सराव सुटला. परंतु आज्ञा गेल्या नाहीत. पुष्कळ शॉर्टकटांच्या मागे आजही प्रत्यक्ष प्रोग्राम नसून आज्ञांची एक यादी, म्हणजे बॅच फाइल, उभी असते.

आता ही चौकट उगवते कशी ते पाहू. विंडोजच्या प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलीत, अगदी आरंभीच्या भागात, त्याची जात सांगणारा एक आकडा असतो. २ असेल तर तो स्वतःच्या खिडक्या स्वतः मांडणारा; ३ असेल तर तो अक्षरांच्या चौकटीत बोलणारा. दुसऱ्या जातीचा प्रोग्राम शॉर्टकटवरून सुरू झाला, की प्रणाली त्याला एक चौकट काढून देते. त्याला काही बोलायचे आहे की नाही, याची चौकशी ती करीत नाही. बॅच फाइल वाचून दाखविणारा सीएमडी हा या दुसऱ्या जातीचाच आहे. त्याची एक रीत मोठी मौजेची आहे. खिडकीवाल्या प्रोग्रामचे नाव कोणी हाताने टंकले, तर तो त्याला सुरू करून लगेच पुढच्या आज्ञेला मोकळा होतो. तेच नाव बॅच फाइलीत लिहिलेले असेल, तर मात्र तो प्रोग्राम बंद होईपर्यंत वाट पाहतो. रेंगाळण्याचे मूळ येथे आहे.

यावरचा सर्वपरिचित उपाय म्हणजे प्रोग्रामच्या नावाआधी ‘स्टार्ट’ ही आज्ञा लिहिणे. मग सीएमडी वाट न पाहता आपले काम संपवितो आणि चौकट मिटते. येथे एका खोडीने अनेकांना सतावले आहे. स्टार्टनंतर अवतरणचिन्हांत पहिले जे येईल, ते ही आज्ञा चौकटीचे शीर्षक समजते. प्रोग्रामचा पत्ता अवतरणांत दिला, तर तो शीर्षक होऊन बसतो आणि नुसतीच दुसरी काळी चौकट उघडते. म्हणून आधी रिकामी अवतरणे द्यावी, मग पत्ता.

पण कारकुनाच्या बॅच फाइलीत आणखी एक ओळ आहे. हिशेबाचा प्रोग्राम बंद झाला, की दिवसभराच्या खतावणीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी, असे ती सांगते. ती काळी चौकट रिकामी बसलेली नव्हती. ती संध्याकाळची वाट पाहत होती! अडगळ समजून कारकून ती रोज सकाळी बंद करतो. हिशेबाची खिडकी स्वतंत्र असल्यामुळे चालू राहते, म्हणून त्याला काही बिघडले असे वाटत नाही. नक्कल मात्र एकाही दिवशी होत नाही. डिस्क बिघडते त्या दिवशी ते उघडकीस येते. आणि कोणी शहाण्याने ‘स्टार्ट’ लावून दिले, तर नक्कल सकाळीच, वही उघडी असतानाच होते. म्हणजे ती कालच्या हिशेबाची असते.

उलट प्रकारही आहे. जावाचा एखादा प्रोग्राम सामान्य जावा फाइलीने चालविला असेल, तर त्याची खिडकी काळ्या चौकटीशी बांधलेली असते. चौकट मिटली की प्रोग्रामही जातो. तेथे जावाडब्ल्यू नावाची भावंड-फाइल वापरावी. पायथनलाही असेच पायथनडब्ल्यू आहे. दोन्ही २ या जातीची, त्यामुळे चौकट उगवतच नाही.

चौकट पूर्ण लपविण्याची सोय शॉर्टकटच्या गुणधर्मांत नाही. ती लहान करून खालच्या पट्टीत बसविण्याची आहे. लपविण्यासाठी लोक व्हीबीस्क्रिप्टच्या दोन ओळी लिहीत आणि खिडकीच्या रूपासाठी शून्य हा आकडा देत. तथापि ही भाषा पुढे विंडोजमधून काढून टाकणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ साली जाहीर केले. तिच्यावर नवी भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पॉवरशेललाही लपण्याची आज्ञा देता येते, पण चौकट आधी उघडते आणि मग लपते, म्हणून ती क्षणभर चमकून जातेच.

शिवाय लपलेल्या चौकटीने प्रश्न विचारला तर? एक्सकॉपी ही नकलेची आज्ञा, पुढचे ठिकाण अस्तित्वात नसल्यास, ते फाइल की फोल्डर असे विचारून थांबू शकते. हा प्रश्न अंधारात विचारला जातो आणि उत्तराची वाट पाहणारा रात्रभर तिष्ठत राहतो. लपवायचेच असेल, तर चौकटीतील सारा मजकूर एका फाइलीकडे वळवावा. चुकांचे संदेश वेगळ्या वाटेने जातात, त्यांनाही तिकडेच वळवावे लागते. आणि ती फाइल कोणीतरी वाचावी.

कारकुनाच्या कामासाठी एवढे सायासही नकोत. शॉर्टकटच्या गुणधर्मांत चौकट लहान करून ठेवावी, आणि बॅच फाइलीच्या आरंभी ‘टायटल’ ही आज्ञा लिहून तिच्या माथ्यावर नाव द्यावे: नक्कल बाकी, बंद करू नये.