खणलेल्या भूमीचा वारसा
(इंदापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



खाणींचा मुलूख म्हटला की बल्लारपूर-वणीचा कोळसा आठवतो. बारामती-इंदापुरात ना कोळसा, ना सोने. मग या विषयाचे येथे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, हा प्रदेशही माणसांनी खणून घडविलेला आहे आणि आज तो खणूनच उद्ध्वस्त होत आहे.

प्रथम इतिहास पाहू. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणी व आकारणीची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 साली सुरू केली ती याच इंदापूर तालुक्यात. तीस वर्षांची मुदत संपताच फेरआकारणीने सारा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले. सारा आणि सावकार यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात कर्जखतांची होळी केली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे.

पुढच्याच वर्षी दुष्काळ आला. खडी फोडणे, माती उपसणे हेच हजारोंचे जगणे झाले. 1877 च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी पुरुषामागे दिवसाला एक पौंड धान्याच्या मापावर आणली. तेव्हा दख्खनमधील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. त्यांची बाजू पुणे सार्वजनिक सभेने मांडली. उपाशी माणसांनी केलेला तो संप आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात अजून पुरेसा नोंदला गेलेला नाही. दुष्काळाच्या या धड्यातूनच नीरा डाव्या कालव्याची निकड सरकारला पटली. 1885 साली कालव्यातून पाणी वाहू लागले. पुढे ऊस आला, साखर आली. मात्र सुप्याकडचा पट्टा जिरायतच राहिला. ज्यांनी कर्जखते जाळली त्यांच्या रानात कालव्याचे पाणी आले नाही.

आता भीमेकडे वळू. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. लोक ते पाहावयास जातात, त्याची छायाचित्रे घेतात. त्याच पाणलोटात यांत्रिक बोटी वाळू उपसतात. महसूल खाते अधूनमधून त्या बोटी जिलेटिनने उडवते, पण उपसा थांबत नाही.

1957 च्या खनिज कायद्यात वाळूला ‘गौण खनिज’ म्हटले आहे. शब्दच किती बोलका आहे! जिच्यावर शहरे उभी राहतात ती गौण. पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरी जिवंत ठेवते. ती गेली की विहीर आटते, पण त्या विहिरीची किंमत लिलावाच्या बोलीत कोठेही धरलेली नसते. 2023 साली सरकारने 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरविले. स्वस्त वाळू गरिबाच्या घरकुलासाठी हवीच. पण भाव बांधल्याने नदीचा हिशोब पूर्ण होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कालवा हे दरसाल उत्पन्न देणारे भांडवल होते. वाळूचा उपसा म्हणजे भांडवलच खाऊन टाकणे. नफा बोटमालकाचा, तोटा गावाचा, आणि बुडण्याचा धोका रोजंदारीवरील मजुराचा.

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या बंद पडलेल्या खाणींच्या प्रदेशाला 2006 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपला वारसा त्याहून लहान नाही. परंतु वारसा म्हणजे केवळ फलक आणि पर्यटन नव्हे. जमीन कोणी खणली, कोणत्या मजुरीवर खणली आणि फळ कोणी खाल्ले, याची नोंद म्हणजे वारसा.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावात वृद्धांकडून कालव्याच्या व धरणाच्या आठवणी लिहून घ्या. नदीकाठच्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजून ग्रामसभेपुढे ठेवा. लिलावाचा ठराव आला की तो आकडा वाचून दाखवा. इंदापूरची जमीन एकदा साऱ्यासाठी मोजली गेली. आता लोकांनी ती स्वतःसाठी मोजावी.