हवा आधी माणसाला, मग औषधाला
(शेतकरी मेळाव्याच्या दिवशी माती परीक्षण प्रयोगशाळा पाहण्यास आलेल्या शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण आत्ताच प्रयोगशाळा पाहिली. बाहेर पडताना एका काकांनी मला विचारले, "साहेब, कोपऱ्यातल्या त्या काचेच्या कपाटाला पंखा कशाला? बाटल्यांना उकडतं का?" सगळे हसले. पण प्रश्न मोलाचा होता. आज त्याचेच उत्तर देतो, कारण ते आपल्या घराला आणि शिवारालाही लागू पडते.

मातीतील सेंद्रिय कर्ब काढताना आम्ही १ ग्रॅम मातीत पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मि.लि. द्रावण आणि २० मि.लि. तीव्र गंधकाम्ल घालतो. मिश्रण एकदम तापते आणि वाफा निघतात. डायक्रोमेटमधले क्रोमियम कर्करोगाला कारण ठरू शकते. पाल्यातला किंवा चाऱ्यातला नत्र काढताना तर नमुना याच आम्लात बराच वेळ उकळावा लागतो. हे सारे काम त्या कपाटात चालते. त्याला फ्यूम हूड म्हणतात.

त्याची रचना साधी आहे. पुढे वर-खाली सरकणारी काच असते. वरचा पंखा खोलीतली हवा कपाटात ओढतो आणि नळीने छतावर सोडतो. म्हणजे हवा आधी काम करणाऱ्याकडे येते, मग रसायनाकडे जाते आणि तिथून थेट बाहेर पडते. हा क्रम उलटा झाला की विष माणसाच्या नाकात गेलेच म्हणून समजा. हवा आत ओढली जाते की नाही हे पाहायला कपाटाच्या तोंडाशी कागदाची पातळ पट्टी धरतात. ती आत वळली तर काम सुरू करायचे. कपाटात बाटल्यांची अडगळ केली तर हवेची वाट अडते. खोलीच्या खिडक्या गच्च लावल्या तर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो, पण पटले ते एका प्रसंगाने. नोकरीच्या सुरुवातीला मी एका प्रयोगशाळेत होतो. पावसाचे दिवस होते, पंखा बंद पडलेला आणि नमुने तुंबलेले. पाऊस आत येतो म्हणून आम्ही खिडक्या लावल्या आणि काम रेटले. संध्याकाळी माझा सहकारी खोकत खोकत बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याला धड बोलता येईना. दवाखान्यात न्यावे लागले, दोन दिवसांनी बरा झाला. मी विचारले, "वास आला नाही का?" तो म्हणाला, "सकाळी येत होता. दुपारनंतर येईनासा झाला." वास गेला नव्हता, नाकाला त्याची सवय झाली होती. तेव्हापासून मी सांगत आलो आहे की नाकाच्या भरवशावर राहू नका.

आता आपल्या घराकडे वळू.

धान्यातील गोळ्या : ॲल्युमिनियम फॉस्फाईडची ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हा वायू दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत जातो. पोती माजघरात आणि मुले पलीकडच्या खोलीत झोपलेली, असे असले तरी धोका टळत नाही. या विषावर खास उतारा नाही. म्हणूनच कायद्याने या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त कीड नियंत्रक यांच्यापुरताच, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठेवला आहे. राहत्या घरात त्या कधीही वापरू नका. धान्य कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्कन फुटले पाहिजे. मग ते हवाबंद कोठीत भरा.

औषधांची खोली : कीटकनाशके झोपायच्या खोलीत, देव्हाऱ्याखाली किंवा बियाण्याजवळ ठेवू नका. वेगळी, कुलूपबंद जागा करा. समोरासमोरच्या भिंतींना झरोके ठेवा, एक खाली आणि एक वर. दार उघडले की लगेच आत शिरू नका. थोडा वेळ हवा खेळू द्या.

द्रावण करताना : गोठ्यात किंवा बंद पडवीत औषध कालवू नका. उघड्यावर करा. वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असे उभे राहा. मूठभर बारीक माती सोडून पाहिली की वाऱ्याची दिशा कळते. आमची कागदाची पट्टी तशी तुमची ही माती. बादलीवर वाकू नका आणि हाताने ढवळू नका, लांब काठी घ्या.

फवारताना : २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी खूप उंच आणि दाट झाली होती, हवेत दमटपणा होता. डोक्याएवढ्या कपाशीत शिरलेला माणूस म्हणजे खिडक्या लावलेल्या खोलीत शिरलेला माणूस. वारा लागत नाही, फवारा अंगावरच बसतो आणि घामाने भिजलेल्या कातडीतून विष आत जाते. अशा पिकात भर दुपारी फवारू नका. वाऱ्याच्या विरुद्ध चालू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि बूट वापरा. नाकाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, हे लक्षात ठेवा. शेडनेट व पॉलिहाऊसमध्येही फवारणीनंतर पडदे उघडून हवा खेळू द्या, मगच मजुरांना आत पाठवा.

विषबाधा झाल्यास : माणसाला मोकळ्या हवेत आणा. औषध उडालेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन डॉक्टरांना दाखवा. मात्र वायू भरलेल्या खोलीत कोणी पडले असेल, तर वाचवायला धावणाराही पडतो. आधी बाहेरून दारे-खिडक्या सताड उघडा आणि मदत बोलवा.

बंधूंनो, आमच्याकडे पंख्याचे कपाट आहे, तुमच्याकडे मोकळे आभाळ आहे. फुकटचा वारा सोडून आपण कोंदट खोलीत विष कालवावे, यासारखा वेडेपणा नाही. गावी गेल्यावर आज संध्याकाळी एवढेच करा. घरात औषधाची बाटली कुठे आहे ते पाहा, आणि तिच्यापासून मुलांचे अंथरूण किती हातांवर आहे ते मोजा.