तापाची वही

(आकाशवाणीवरील भाषणाची संहिता)



सकाळचे सव्वासहा. एका शेगडीवर कुकर, दुसऱ्या शेगडीवर डब्याची भाजी, आणि आत झोपलेल्या मुलीच्या कपाळावर जाता जाता ठेवलेला हात. ज्या घरात लहान मूल आहे आणि आईबाबा दोघंही कामावर जातात, त्या घराला हा हात ठाऊक आहे. कपाळ गार लागलं तर दिवस रोजचाच. गरम लागलं, तर खरं सांगते, पहिला विचार मुलीचा येत नाही. पहिला विचार येतो तो आज वार कोणता आणि रजा किती उरल्या याचा. दुसऱ्याच क्षणी त्या विचाराची लाज वाटते.

मी एका सहकारी बँकेत काम करते. नवरा चाकणच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये असतो. लेक आता पाच वर्षांची आहे. आज सांगणार आहे ते ती दोन वर्षांची असतानाचं. सासूबाई गावी परतल्या आणि तिला पाळणाघरात घातलं, त्या वर्षीचं.

पहिल्या दहा दिवसांत सर्दी झाली. ती उतरते न उतरते तोच जुलाब लागले. मग हातापायांवर आणि तोंडात पुरळ उठलं. मग परत सर्दी, या वेळी छातीत घरघर. कारणं मात्र भराभर मिळाली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. माझी आई म्हणाली, थंडीत केळं कशाला दिलंस? शेजारच्या काकूंनी फरशीवर बोट ठेवलं, अनवाणी फिरते म्हणून. आणखी एक कारण सगळ्यांच्या मनात होतं. तोंडावर कोणीच बोललं नाही, पण मला ते ऐकू येत होतं : आई नोकरी करते.

डॉक्टरांकडे रडकुंडीला येऊन गेले. म्हटलं, हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे का? ते शांतपणे म्हणाले, ‘‘आईकडून आलेलं संरक्षण पहिल्या काही महिन्यांत ओसरतं. सर्दी करणारे विषाणू २००च्या वर आहेत. तुमची मुलगी त्यांना आता एकेक करून भेटते आहे. या वयात वर्षाला ६ ते ८ वेळा आजारी पडणं नेहमीचं आहे, आणि पाळणाघरात जाणारं मूल त्याहूनही जास्त वेळा पडतं. वजन नीट वाढतंय, बरी झाली की खेळते, मग काळजी कसली?’’

मी हिशेबाची बाई. तिथेच मनात गुणाकार केला. एक सर्दी ७ ते १० दिवसांची. ८ वेळा ८ म्हणजे ६४ दिवस. त्यांतले सगळेच काही घरी बसण्याचे नसतात, पण माझ्या खात्यावर किरकोळ रजा होत्या १२. बँकेत आम्ही काय करतो? काही कर्जं थकणार हे माहीत असतं. कोणतं, कधी, ते माहीत नसतं. म्हणून आधीच तरतूद करून ठेवतो. घरी मात्र प्रत्येक ताप आभाळातून कोसळल्यासारखा अंगावर घेत होतो. त्या दिवशी एवढंच कळलं की लेकीचं आजारपण हा अपघात नाही, तो वर्षाच्या खर्चातला एक रकाना आहे. आणि त्यासाठी आमच्याकडे तरतूद शून्य.

कळणं वेगळं आणि वागणं वेगळं. त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. मार्च अखेर होती. सकाळी कपाळ कोमट लागलं. मी तापाचं औषध पाजलं, दहा मिनिटांत अंग गार पडेल असं स्वतःला बजावलं, आणि तिला पाळणाघरात सोडून बस पकडली. साडेबाराला फोन. गेले तेव्हा लेक पाळणाघराच्या काकूंच्या मांडीवर निपचित पडली होती. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘ताई, औषध चार तास टिकतं. मी दिवसभर असते.’’ मागे चटईवर आणखी सहा मुलं जेवत होती. त्यांतल्या दोघांना त्याच आठवड्यात ताप आला. ती दोन मुलंही कोणाच्या तरी मार्च अखेरीतच आजारी पडली असणार.

श्रोतेहो, औषध पाजून मूल पाठवणं हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं असतं. त्यामागे दुष्टपणा नसतो, रजा संपलेल्या असतात. पण ते कर्ज आपण शेजारच्या घरावर ढकलतो, हे मला त्या चटईकडे बघून समजलं.

आणि मग ती रात्र आली, ज्या रात्रीमुळे वही सुरू झाली. नवरा दुसऱ्या पाळीला होता. लेकीला १०२ ताप. मी साडेनऊला औषध दिलं आणि तिच्या शेजारी डोळा लागला. साडेबाराला तो आला. तिचं अंग तापलेलं बघून, मला उठवू नये म्हणून, त्याने बाटलीतून मात्रा काढून पाजली. तीनला मला जाग आली. परत चटका बसत होता. मी औषध पाजलं, आणि बाटली ठेवताना तो झोपेतच पुटपुटला, ‘‘आत्ताच दिलं ना मी साडेबाराला?’’

दोघंही ताडकन उठून बसलो. साडेपाच तासांत तीन मात्रा. पहाटेपर्यंत तिच्या छातीकडे बघत राहिलो. सकाळी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या खेपेला निभावलं. मग विचारलं, बाटली कोणती? बघितलं तर घरात दोन बाटल्या. एकीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलीत २५०. चव तीच, नाव तेच, जोर दुपटीहून जास्त. थेंबांची छोटी बाटली तर त्याहून कडक, तिच्या एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. दोन मात्रांत निदान चार तासांचं अंतर हवं, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नकोत. आपल्या मुलाच्या आजच्या वजनाला किती मिली, हे डॉक्टरांकडून त्या बाटलीवरच लिहून घ्यावं. आम्ही दुसरी बाटली घरातून काढूनच टाकली.

त्याच संध्याकाळी शंभर पानी वही आणली. फ्रिजच्या दांड्याला दोऱ्याने बांधली, पेनसुद्धा दोऱ्यानेच. चार रकाने : वेळ, ताप, काय दिलं, कोणी दिलं. मागाहून पाचवा आला : शू किती वेळा. शाळकरी वाटेल असं हे काम. पण बदलत्या पाळ्यांच्या घरात आईबाबा एकमेकांना जागेपणी भेटतातच किती? कारखान्यात एक पाळी दुसरीला नोंदी देऊन जाते. आम्हीही तेच करायला लागलो. पहिली पानं सगळी माझ्या अक्षरात आहेत. चौथ्या पानावर नवऱ्याचं अक्षर येतं, तिरपं, इंजिनिअरी. ‘१.१५ रात्री. ९९.८. काही दिलं नाही. पाणी अर्धा पेला. हसली.’

मोजमापाची आणखी एक गोष्ट. जुलाब लागले तेव्हा नवऱ्याने ओआरएसचं मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं. प्रेमापोटीच, म्हणजे जास्त ताकद येईल म्हणून. पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असतं ते शोभेला नाही. कमी पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, आणि कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. सोबत डॉक्टर १४ दिवस झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी पुरं करायचं. या पाण्याची जुनी गोष्टही मोजमापाचीच आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला, ड्रम भरले, आणि ते पाणी पाजायचं काम रुग्णांच्या आईबापांवर, नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. पाजणारे हात शिकलेले नव्हते, पण प्रमाण चोख होतं.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर आता लिहून घ्या. आमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर हे डॉक्टरांच्या अक्षरात आहे. मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा जास्त भरला, तर त्याच दिवशी दाखवायचं, वाट बघायची नाही. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर लगेच निघायचं. पाणीसुद्धा घेत नाही, सहा-आठ तासांत शू नाही, ग्लानी आहे, झटका आला, तरीही तसंच. ताप तीन दिवसांवर गेला तर पुन्हा दाखवायचं. यातलं काही नसेल, तर सर्दीला तिचे दिवस द्यायचे. मऊ भात, मुगाचं पाणी आणि झोप. मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढायची नाही, विषाणूवर ती चालत नाही. खोकल्याचं औषध दुकानातून परस्पर आणायचं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये आणि पाचच्या आत सहसा देऊ नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ साली बजावलं आहे. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो. एक वर्षाच्या आत मध मुळीच नाही.

वर्ष सरलं आणि सवयीने मी वहीचा ताळेबंद काढला. आजारपणं ९. लेक घरी राहिली ते दिवस ३१. त्यांतले सासूबाईंनी येऊन निभावले ८, नवऱ्याच्या रजा ४, माझ्या १९. रात्री वही त्याच्यापुढे ठेवली. भांडायची तयारी होती. तो आकड्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मला फोनच येत नाही ग.’’

खरं होतं. काकू फोन करत ते मला. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर माझा होता. आणि तो फॉर्म भरला होता मीच.

तेव्हापासून दर रविवारी रात्री काकूंना निरोप जातो : या आठवड्यात पहिला फोन कोणाला. नवरा दुसऱ्या पाळीला असला की सकाळचा दवाखाना त्याचा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात चारनंतर तो. पहिल्यांदा त्याने रजा मागितली तेव्हा वरच्या साहेबांनी विचारलं, ‘‘घरी बायको नाही का?’’ हा म्हणाला, ‘‘नाही साहेब, ती बँकेत असते.’’ हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसले. पण हाच प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. घरी नवरा नाही का, असं.

कायद्यानेही फॉर्मवर पहिला नंबर आईचाच लिहिला आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती स्त्रियांना आणि एकट्या पालक असलेल्या पुरुषांना. आपल्या राज्य सरकारी कर्मचारी महिलांना १८० दिवस. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा. हे सगळं हवंच होतं. पण मुलगी तापाने फणफणली आहे आणि बायकोच्या रजा संपल्या आहेत, अशा खासगी कारखान्यातल्या धडधाकट बापासाठी यात एकही ओळ नाही.

आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. त्यांच्या नातवाला ताप आला की त्यांची सून कामावर जात नाही, आणि तिचा खाडा धरला जातो. मी रजा मोजते, ती पैसे मोजते. परवा मावशींनी वहीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय ओ? सांगितल्यावर म्हणाल्या, एक मलाबी करून द्या. सुनेला लिहिता येतं. रकाने आखून दिले. आशाताईंकडून ओआरएसची पाकिटं मिळतात हे त्यांना माहीत होतंच, पुठ्ठ्यावर फक्त श्वासांचे आकडे लिहिले. महिन्याला दोन खाडे झाले तरी मावशींचा पगार कापायचा नाही, हेही त्या दिवशी ठरवलं. तरतूद करायची तर ती फक्त आपल्याच घरापुरती कशी करणार?

लेक आता कमी आजारी पडते. ज्यांना भेटायचं होतं त्यांतल्या बऱ्याच विषाणूंना भेटून झालं असावं. तरी परवापासून नाक वाहतंय. आज सकाळी कपाळ गार होतं, पण संध्याकाळचं सांगता येत नाही. इथे स्टुडिओत शिरताना फोन बंद करायला सांगितला. मी केला. सवय अजून जात नाही, हात पर्सकडे जातोच. पण हा आठवडा तिच्या बाबाचा आहे, आणि वही त्याच्याकडे आहे.