झाडावरचा पिठ्या ढेकूण



आपल्या विक्रोळीत आणि साऱ्या मुंबईत रस्त्याच्या कडेला मोठे पर्जन्यवृक्ष आहेत. कोणी त्याला विलायती शिरीष म्हणतात. संध्याकाळी त्याची पाने मिटतात. शेंगा गोड असतात, गुरे आवडीने खातात. सावली तर केवढी!

२०१० नंतरच्या काही वर्षांत मुंबईतले असे शेकडो वृक्ष वाळले. याचे एक मोठे कारण म्हणजे पिठ्या ढेकूण. हा किडा तांदळाच्या दाण्याहून लहान. अंगावर पिठासारखे पांढरे मेण असते. त्यामुळे फवारलेले औषधही त्याला नीट लागत नाही. तो कोवळ्या फांदीचा रस शोषतो आणि गोड, चिकट पाणी टाकतो. त्यावर काळी बुरशी चढते. पाने गळतात, फांद्या वाळतात. तीच वाळकी फांदी पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर पडते.

त्या गोड पाण्यासाठी मुंग्या येतात आणि किड्याची राखण करतात. याची पिल्ले वाऱ्याबरोबर उडतात, आपल्या कपड्यांनाही चिकटतात. म्हणून कीड लागलेली फांदी सरपणाला म्हणून गावी नेऊ नका.

मग उपाय काय? काट्याने काटा काढावा, असे आपण म्हणतो ना, तसेच आहे हे. याच कुळातली पपईवरची कीड २००८ साली कोइमतूरला दिसली. ती मूळची मेक्सिकोकडची. पपई, तुती, साग, सगळ्यांवर बसली. २०१० साली आपल्या शास्त्रज्ञांनी पोर्तो रिको बेटावरून अगदी बारीक गांधीलमाश्या आणवून सोडल्या. त्या माश्या किड्याच्या अंगात अंडी घालतात. अंड्यातली अळी किड्याला आतून खाते. कीड आटोक्यात आली. ठिपक्यांचे ढालकिडेही पिठ्याला खातात. म्हणून दिसेल त्यावर विषारी औषध मारू नका. त्याने आपले मित्रच आधी मरतात.

अंगणातल्या जास्वंदीवर पांढरे दिसले, तर साबणाच्या पाण्याने धुवा. रस्त्यावरच्या मोठ्या झाडाला मात्र स्वतः कुऱ्हाड लावू नका. शहरात १९७५ च्या कायद्याने परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पालिकेच्या उद्यान खात्याला कळवा. गावी असाल तर कृषी खात्याच्या माणसाला दाखवा.

आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा तोंडी सांगून थांबू नका, अर्ज करा. रस्त्याचे नाव, झाडाची खूण, कीड कधी दिसली, एवढे तीन ओळींत लिहा आणि खाली सही करा. पूर्वी अंगठा उठवत होता. आता तुमच्या सहीने एक झाड वाचेल.