मैदान कुणाचे, शरीर कुणाचे?

(रबाळे येथे वस्तीतील महिला मंडळांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुलगी वयात आली की घरातून पहिली सूचना येते, "आता उड्या मारणं बंद." तिचा भाऊ मात्र अंधार पडेपर्यंत मैदानावर असतो. मुलींच्या आरोग्याचा प्रश्न इथे सुरू होतो. दवाखान्यात तो नुसता उघडा पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६च्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ७८ टक्के मुलग्यांना आणि ८५ टक्के मुलींना ती पुरेशी मिळत नव्हती.

आपण म्हणतो, "आमच्या पोरी घरात राबतातच, वेगळा व्यायाम कशाला?" पाणी भरण्यात, धाकट्याला कडेवर वागवण्यात श्रम आहेतच. पण ते तिने निवडलेले नाहीत, आणि दमली म्हणून ती थांबूही शकत नाही. खेळात ती स्वतः ठरवते : कधी धावायचं, कुणाबरोबर, किती. स्वतः निवडलेला खेळ टिकतो. धाकाने करून घेतलेली कवायत शाळेबरोबरच सुटते.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. चार पावलांत धापा टाकणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो. तिला आधी तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण हवं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नव्हे, सगळ्यांबरोबरचं.

हे जमतं का? पारसिकच्या डोंगरापलीकडे मुंब्र्यात बघा. तिथे २०१२ साली 'परचम' गटाने मुलींचं फुटबॉल सुरू केलं. मुलींना हक्काचं मैदान मिळावं म्हणून सह्या गोळा केल्या. मुलींनी चेंडूबरोबर सार्वजनिक जागेवरचा हक्कही मागितला.

आपल्या वस्त्या कारखान्यांच्या मधोमध वाढल्या. मोकळी जागा थोडी, तीही मुलग्यांनी व्यापलेली. म्हणून तीन मागण्या करू. मैदानावर मुलींसाठी ठराविक वेळ राखा. शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊ नका. शाळेत आणि मैदानाजवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह द्या, म्हणजे पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलगीच ठरवेल.

चौथी मागणी आपली आपल्याकडेच आहे. संध्याकाळचा एक तास मुलीला कामातून मोकळं करायचं, आणि तिचं काम आपल्या अंगावर न घेता मुलाला सांगायचं.