घराण्याचे संमेलन आणि खोपोलीचे उद्यान

(संस्थेच्या ठाकूरद्वार येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय कळविण्यास सांगितले, तेव्हा मी ‘घराण्याचे संमेलन थीम पार्कात कसे भरवावे’ असे एका चिठ्ठीवर लिहून पाठविले. चिटणीसांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, असे मला मागाहून समजले. या व्यासपीठावरून संतवाङ्मय, शरीरस्वास्थ्य, ज्ञातीचा इतिहास असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्या पंक्तीत पाळणे आणि घसरगुंड्या यांना पाट मांडणे काहींना उथळपणाचे वाटेल. परंतु गेले आठ महिने आमच्या घराण्यात या एका प्रश्नावरून जितके रुसवेफुगवे झाले, तितके वडिलार्जित जागेच्या वाटणीवरूनही झाले नव्हते. सबब हा पोरखेळ नव्हे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

आमची पिढी गिरगावातील वाड्यांतून वाढली. फणसवाडी, मुगभाट, आंबेवाडी, गायवाडी या नावांतच आमचा भूगोल संपत असे. एका चुलत्याचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, दुसऱ्याचे समोरच्या चाळीत आणि आत्याबाईंचे पुढच्या गल्लीत. त्या काळी घराण्याचे संमेलन कोणी भरवीत नसे, ते रोजच भरलेले असे. बारसे, मुंज, गौरीगणपती आणि काही नसेल तर नळावरचे भांडण, एवढ्यावर नातीगोती टवटवीत राहत. पुढे जागा अपुऱ्या पडल्या, भावंडे डोंबिवलीस, बदलापुरास, विरारास गेली. कोणी पुण्यास स्थायिक झाला, कोणी अमेरिकेत. मागाहून जुन्या इमारती विकासकांकडे गेल्या. काही भुयारी मेट्रोच्या कामात पडल्या आणि २०२५ च्या ऑक्टोबरात गिरगावचे मेट्रो स्थानक सुरू झाले. सोय उत्तम झाली, याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या स्थानकातून उतरून ज्यांच्या घरी जावे, ती माणसेच आता तेथे राहिली नाहीत. अलीकडे आमचे सर्व भाऊबंद एकत्र जमण्याचे ठिकाण म्हणजे चंदनवाडीची स्मशानभूमी. तेथे एका चुलतभावाच्या मुलाने मला विचारले, “काका, आपण जिवंतपणी कधी भेटायचे?” प्रश्न उद्धट खरा, पण खोटा नव्हता.

त्याच मुलाने पुढे खोपोलीच्या इमॅजिका उद्यानाचे नाव काढले. हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. ते खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ज्येष्ठ मंडळींनी अर्थातच कपाळावर हात मारला. कुळाचा मेळावा कुलदैवताच्या पायाशी भरावा, ज्या गावावरून आडनाव पडले तेथे भरावा. चक्रात बसून किंचाळण्यासाठी कुळाची काय गरज, असे त्यांचे म्हणणे.

या आक्षेपाचा मी आदरपूर्वक विचार केला. कुटुंबकबिल्यासह घराबाहेर जाऊन जेवणे आणि खेळणे ही पाश्चात्त्यांनी शिकविलेली गोष्ट नव्हे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पाने मांडून आवळीभोजन करण्याची आपली चाल जुनीच आहे. मुंबईकरांना १८६२ साली राणीचा बाग मिळाला, तेव्हा दशम्यांच्या गाठोड्यासह तेथे जाणारी कुटुंबे त्याच परंपरेतील होती. १९८९ मध्ये गोराईस एस्सेलवर्ल्ड निघाले आणि आमच्या शाळेच्या सहली घारापुरीऐवजी तिकडे वळू लागल्या. मुले उलट्या पाळण्यात हसत आणि आम्ही मास्तर खाली उभे राहून त्यांच्या चपला राखीत असू. ते उद्यानही आता बंद झाले आहे. तात्पर्य, वृक्ष बदलला तरी भोजन तेच. आवळीच्या जागी लोखंडी पाळणा आला, एवढाच काय तो भेद.

कुलदैवताचे स्थान आमच्या बाबतीत रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तेथे जाण्यास एक रात्र, येण्यास एक रात्र आणि राहण्यास धर्मशाळेच्या चार खोल्या. उलट खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. मुंबईकर आणि पुणेकर दोघांनाही ती सोयीची; बदलापूरकरांना तर कर्जतमार्गे लोकलगाडीनेच गाठता येते. दुसरी अडचण सोयरसुतकाची. सव्वाशे माणसांच्या घराण्यात ठरलेल्या तिथीच्या आधी दहा दिवसांत कोठेही एक मृत्यू घडला, की भाऊबंदांचे देवकार्य थांबले! अमेरिकेहून आलेल्याने मग विमानाचे तिकीट घेऊन परत जावे. उद्यानाच्या दारावर कोणी सुतक विचारीत नाही. हे मी थट्टेने बोलत नाही. आमचा एक बेत याच कारणाने पूर्वी मोडला होता.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे आणि तीसाठीच मी आज उभा आहे. कुलदैवतासमोर कुळ म्हणजे कोण? पुत्र, पौत्र आणि त्यांच्या सुना. मुलगी लग्न होऊन गेली की तिचे गोत्र पालटले, दैवत पालटले. ती मेळाव्यास आली तर पाहुणी म्हणून. आपल्याकडील कुलवृत्तांत उघडून पाहा, बहुतेकांत मुलीच्या नावापुढे सासरचे आडनाव लिहून रेघ ओढलेली असते. त्या रेघेपलीकडे तिची मुलेबाळे नाहीतच जणू. आता आमच्या घराण्याचा हिशेब सांगतो. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणारी, दवाखान्यात रात्री काढणारी घरे मी मोजली. त्यांत निम्म्याहून अधिक लेकींची निघाली. ज्यांनी घराणे पाठीवर वाहिले, त्यांना संमेलनात पाहुण्यांच्या पंक्तीस बसवावे काय?

आणि एका मुलीचे नाव तर आमच्या वहीत रेघेलाही मिळाले नव्हते. मी येथे तिचे नाव घेत नाही. बावीस वर्षांपूर्वी तिने ज्ञातीबाहेर विवाह केला. मारहाण झाली नाही, आरडाओरड झाली नाही, केवळ आमंत्रणे थांबली. आपल्या समाजात बहिष्काराचा ठराव कोणी मांडीत नाही, पत्रिकांच्या यादीतून नाव गळते आणि सर्वजण आपण काही केलेच नाही असे समजून राहतात. या सभागृहात हे बोलणे किती जणांना रुचेल, मला ठाऊक नाही; परंतु ज्ञातीची संस्था ज्ञातिजनांच्या सुखदुःखासाठी असेल, तर त्या मुलीची आई ज्ञातिजनच आहे आणि ती बावीस वर्षे हे दुःख पदराखाली झाकून या सभागृहातील हळदीकुंकवास येत आहे.

संमेलनासाठी उद्यान निवडण्याचे माझे मुख्य कारण हे आहे. तेथे मानाचा नारळ नाही, गाभारा नाही, थोरल्या पातीचा हक्क नाही. ज्याच्या हाती तिकीट, तो आत. जावई कोठला, सून कोणाची, हे पाळण्याच्या रांगेत कोणी विचारीत नाही. यादी करताना मी एकच नियम घातला: घराण्यात जन्मलेला प्रत्येक जीव आणि त्याचा वा तिचा संसार. या नियमाने आकडा सव्वाशेवरून एकशे एकोणनव्वदवर गेला. दोन वडीलधाऱ्यांनी न येण्याचे कळविले आहे. त्यांच्या जागा मी राखून ठेवल्या आहेत.

तिकिटाने जात विचारली नाही, तरी ते खिसा विचारतेच, याचा मात्र विसर पडू नये. तरुणांच्या समितीने प्रथम माणशी एक रक्कम ठरवून मोबाईलवर जाहीर केली. दोनच दिवसांत कोणाच्या मुलाची परीक्षा निघाली, कोणाला रजा मिळेना, कोणाच्या गुडघ्याने उचल खाल्ली. चाळीस वर्षे वर्गात उभा राहिलेला मनुष्य असल्या सबबी ओळखतो. फी न आणलेला मुलगा पोटदुखीच सांगतो. मग आम्ही असे केले की प्रत्येक घरास एकसारखे कोरे पाकीट दिले. त्यावर नाव नाही, आत चिठ्ठी नाही, ज्यास जे जमेल ते घालावे. पाकिटे उघडण्याचे काम घराण्याबाहेरच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याकडे सोपविले. त्यांनी आम्हास फक्त बेरीज सांगितली. ती खर्चास पुरून थोडी उरली. आणि परीक्षा, रजा, गुडघा सर्व काही आपोआप सुटले. परदेशस्थांनी सर्व खर्च उचलण्याची तयारी दाखविली होती. आम्ही ती साभार नाकारली. एकाने सर्वांना जेवू घातले, की बाकीचे आश्रित होतात.

दिवसाच्या आखणीत पाऊस, ऊन आणि गर्दी या तीन गोष्टी पाहिल्या. घाटपायथ्याचा पाऊस प्रसिद्धच आहे, मे महिन्याचे ऊन वृद्धांस सोसणार नाही आणि सुटीच्या दिवशी माणसावर माणूस. म्हणून नाताळच्या अलीकडचा एक कामाचा दिवस धरला आहे. काही मुलांची शाळा बुडेल. मास्तर असूनही मला त्याचे दुःख नाही. एस. टी.च्या गाड्या प्रासंगिक करारावर ठरविल्या असून ठाकूरद्वार, दादर आणि ठाणे येथून त्या सुटतील. पुणेकरांची व्यवस्था निराळी. असल्या उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ बहुधा नेऊ देत नाहीत, हे कळताच आमच्या भगिनीवर्गात मोठी खळबळ माजली. तडजोड अशी झाली, की सकाळी पालीस बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावे, तेथेच घरचे तिखटमिठाचे सांजे आणि गूळपोळ्या संपवाव्यात आणि मग उद्यानाकडे जावे. अष्टविनायकांपैकी हा गणपती. तो कोण्या एका कुळाचा नसल्याने कोणाचीच हरकत आली नाही.

आत गेल्यावर एकशे एकोणनव्वद माणसे पांगणार आणि आपापल्या बायकामुलांसह हिंडून घरी येणार, हे ठरलेलेच. मग एकत्र गेलो कशाला? यावर आम्ही पंचकांची योजना केली आहे. दर पाच जणांत एक वृद्ध, एक बालक, एक लेकीच्या घरचा, आणि कोणतीही दोन माणसे एका बिऱ्हाडातील नकोत. दुपारी एक वाजता भोजनगृहापाशी आणि सायंकाळी पाच वाजता दाराशी हजेरी, तीही नावाने. सहलीत मुले मोजण्यात मजकडून कधी एक कमी पडला नाही, तो लौकिक या वयात घालवावयाचा नाही.

वृद्धांनी करायचे काय, हा प्रश्न राहतो. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड काढणाऱ्या वॉल्ट डिस्नेने सांगितले आहे, की मुली पाळण्यावर बसत आणि आपणास नुसते बाकावर बसून राहावे लागे, त्यातून आईबापांनीही मुलांबरोबर रमावे अशा जागेची कल्पना त्यास सुचली. आपल्याकडे मात्र आजोबा बाकावर आणि पिशव्या आजोबांच्या मांडीवर, हीच व्यवस्था कायम आहे! रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी वेगाच्या फेऱ्यांस जाऊ नये, हे उघडच आहे. परंतु प्रकृती धड असेल त्यांनी मुलांसह नावेत बसून राजासौरस पाहावयास जावे. या प्राण्याचे अवशेष नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ साली त्यास हे नाव मिळाले. म्हणजे तो आपल्याच देशीचा पुराणपुरुष. शेवटी नाव पाण्यात आपटते आणि धोतर भिजते, सबब दुसरे जवळ असावे. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेली एक फेरीही तेथे आहे. पन्नाशीतील मंडळी तिजसाठी मुलांहून अधिक उतावीळ आहेत.

ती बावीस वर्षांपूर्वी दुरावलेली मुलगी येणार आहे. तिच्या पंचकात मी तिच्या मोठ्या काकांचे नाव घातले आहे. काकांना ते ठाऊक आहे. त्यांनी अद्याप नकार दिलेला नाही. ते ऐंशीच्या घरात आहेत, चालणे मंद आहे, आणि तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे.

इतर घराण्यांतील बंधुभगिनींस असा बेत करावयाचा असल्यास आमच्या यादीचा नमुना, पंचकांचा तक्ता आणि गाड्यांचा हिशेब कार्यालयात ठेवला आहे. तो उतरवून घ्यावा. यादीत मुलींच्या नावापुढे रकाना मोठा ठेवला आहे, तो आखडता घेऊ नये. शंका असतील त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे.