दगडफूल, कातळ आणि शुक्र



मी संगणकावर चित्रं करते, दगडांची आणि दगडफुलाची. बैठकीला येणाऱ्या बायका स्पष्टच विचारतात, "याचा आपल्या कामाशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते.

दगडफूल आपण गोड्या मसाल्यात घालतो. ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते. १८६९ साली श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं हे मांडताना बुरशीला मालक म्हटलं आणि शेवाळाला गुलाम. जो रांधतो तो गुलाम, हे त्याला किती सहज सुचलं! पुढे २०१६ साली कळलं, की दगडफुलाच्या अनेक जातींत यीस्टच्या प्रकारची आणखी एक बुरशी असते. जवळजवळ दीडशे वर्षं ती कुणाच्या हिशेबातच नव्हती. हे आपल्याला नवं नाही.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यावरच्या दगडफुलाचे मी जवळून फोटो काढते, संगणकावर मोठे करते आणि शेजारी शुक्राची चित्रं ठेवते. शुक्रावरही लाव्ह्याची मैदानं आहेत. तिथले ढग इतके दाट, की वरून साधा कॅमेरा चालत नाही. 'मॅगेलन' यानानं १९९० ते १९९२ या काळात रडारनं ती जमीन टिपली. चित्रांतला नारिंगी रंग नंतर संगणकावर भरलेला. तिथे ४६० अंशांच्या आसपास तापमान. दगडफूल जगायचं नाही. पण ते चिवट खरंच. २००५ साली रशियन उपग्रहावरच्या युरोपीय प्रयोगात दगडफुलं उघड्या अवकाशात दोन आठवडे राहून जिवंत परतली.

आता संबंध सांगते. शुक्रावरच्या विवरांना बायकांची नावं द्यायची, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तिथे 'जोशी' हे विवर डॉ. आनंदीबाईंच्या नावाचं, 'मेधावी' पंडिता रमाबाईंच्या, 'झिराड' डॉ. जेरुशा झिराड यांच्या. मला याचा अभिमान वाटतो.

आणि खाली, आपल्या जमिनीवर? कोकणातले कातळसडे सरकारी दप्तरात पडीक धरले जातात. तिथे गुरं चारणाऱ्या, गवत कापणाऱ्या बायकांना सड्याचा कोपरान् कोपरा ठाऊक असतो, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव क्वचितच. एकदा 'पडीक' म्हटलं की जागा रिकामी ठरते, आणि रिकाम्या जागेवर कुणीही हक्क सांगतो. रिकाम्या दिसणाऱ्या दगडावर कोण कोण राहतं, एवढंच मी चित्रांतून दाखवते.

चहाच्या सुट्टीत चित्रं बघा. तुमच्या गावात दगडफुलाला काय म्हणतात, ते कोण गोळा करतं, हातात किती पैसे पडतात, ते मला सांगा. तुमचे शब्द मी चित्रांखाली लिहिणार आहे. आणि गावी परतल्यावर प्रत्येक गटानं सातबारे काढून बघा, आपल्यापैकी किती जणींचं नाव त्यावर आहे. पुढच्या बैठकीत तो आकडा घेऊनच बसू.